सह्याद्रीत वाघ आणले, पण पंचनाम्याचं काय?

शाहूवाडीकर७७:
मंडळी एक विचारायचं होतं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० ला झाला, चांदोली आणि कोयना मिळून, आणि त्याचं मुख्य ऑफिस आपल्या कोल्हापुरातच. मधल्या काळात कॅमेऱ्यात घावले ते नर, म्हणून आता ताडोब्याहनं वाघीण आणली, बातमी वाचून भारी वाटलं. पण परवा आमच्या शेजारच्या काकांचं रेडकू बिबट्यानं मारलं आणि पंचनाम्याला माणूस आला तिसऱ्या दिवशी, तवर कुत्र्यांनी निम्मं ओढून नेलेलं, वर काकांनाच म्हणतोय कशानं मारलं ते कळत नाही. बिबट्याची ही तऱ्हा तर उद्या वाघानं दुभती म्हैस मारली की काय करायचं?

दाजीपूरचा_गवा:
बरोबर जागी बोट ठेवलंस भावा. गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात जानेवारी २०२० ला वाघीण आणि तिचे तीन बछडे विषानं मेले, त्याच्या आधी वाघानं जनावर मारलेलं. आणि आपला वाघ काय चांदोलीत बसून राहणार हाय व्हय, तो राधानगरी, तिलारी करत खाली गोवा-कर्नाटकात जाणार. म्हणजे पंचनामा नुसत्या बफरमध्ये, प्रकल्पाच्या भोवतालच्या भागात, वेळेवर होऊन भागत नाही, त्या अख्ख्या पट्ट्यात व्हायला पाहिजे, जिथं वाघ येतो हे गावालाच माहीत नसतंय. बाकी सागरेश्वर अभयारण्यातली चितळं चांदोलीत नेली ते काम मला पटलं. रानात खायला असलं तर तो गोठ्याकडं कशाला येतोय.

रंकाळ्यावरचा_निवांत:
मध्य प्रदेशात पन्नाच्या जंगलात २००९ ला पेंचहून आणलेला नर वाघ सरळ परत पेंचच्या दिशेनं सुटला होता, वन खात्याची माणसं हत्ती घेऊन मागं, शेवटी धरून आणला आणि आज तिथं वाघच वाघ. उलट ओडिशात सातकोशियाला २०१८ मध्ये नेलेला नर फासात अडकून मेला, तिथंच आणलेल्या वाघिणीवरनं गावकरी पेटले, तिला पिंजऱ्यात घालायला लागली. वाघ दोन्हीकडं मध्य प्रदेशातलेच की! फरक पडला तो गस्तीत आणि गावकऱ्यांना धरून चालण्यात.

वडगाव_पुनर्वसन:
आमची आज्जी चांदोलीतली. अभयारण्यासाठी गाव उठलं, जमिनीसाठी कलेक्टर हापिसासमोर किती वेळा बसलोय मोजलं नाही. तरी वाघीण आली म्हटल्यावर आज्जी म्हणाली, बरं झालं, आमच्या रानात कोण तरी राहायला आलं. एवढंच सांगायचं होतं.

शाहूवाडीकर७७:
आज्जींना नमस्कार सांगा. काकांचं काय करू ते सांगा की कोणतरी.

दाजीपूरचा_गवा:
१९२६ ला फोन लाव, वन खात्याची हेल्पलाइन हाय. मेलेलं जनावर हलवायचं नाही, पायाचे ठसे पाटीखाली झाकून ठेवायचे, मानेवरच्या दातांच्या खुणांचे फोटो लगेच काढायचे आणि पोलीस पाटलाला बोलवून दाखवायचं. फोटो काढलेत काय?

शाहूवाडीकर७७:
काकांकडं बटणाचा फोन हाय ओ.