मदत हवी आहे : १९९४ मध्ये म्हापशाला विकलेली वडिलांची बुलेट

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांची १९८३ सालची बुलेट ३५० मी गेले वर्षभर शोधतो आहे. ती त्यांनी १९९४ मध्ये म्हापशातील एका गॅरेजवाल्याला विकली आणि पुढे ती कोठे गेली याचा घरात कोणालाच पत्ता नाही. डिचोली, म्हापसा, हणजूण, हरमल या भागांत किंवा सीमेपलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीकडे ती कोणाच्या पाहण्यात आली असेल, अथवा इतक्या जुन्या वाहनाची कागदपत्रे शोधण्याचा कोणाला अनुभव असेल, तर कृपया सांगावे. गाडी भंगारात गेली असल्यास तेही कळलेले बरे.

वडील डिचोलीजवळच्या एका खाणीवर कामाला होते. गाडी दर रविवारी विहिरीवर धुतली जाई, तरी सिलिंडरच्या पात्यांमध्ये बसलेली खनिजाची तांबडी धूळ शेवटपर्यंत निघाली नाही. विकण्याचे कारण मात्र साधे होते. ही गाडी सुरू करताना अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्प्रेसरची (सिलिंडरमधला दाब सोडण्याची) कळ ओढून किक थोडी पुढे सरकवायची आणि मगच पूर्ण जोराने मारायची, हा क्रम वडिलांच्या अंगवळणी पडलेला होता. पण एका पावसाळी सकाळी घाईत तो चुकला, किक उलटी आली आणि त्यांचा घोटा दुखावला. दोन महिने घरी बसल्यावर त्यांनी स्कूटर घेतली. (आईला बुलेटचा आवाज कधीच आवडला नव्हता, हेही एक कारण असावे.)

गाडीचे दोन फोटो आमच्याकडे आहेत. मांडवीवरचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळल्यानंतर बेती-पणजी फेरीबोटीवर काढलेल्या पहिल्या फोटोत गाडीची केवळ डावी बाजू आली आहे. दुसरा दसऱ्याच्या पूजेचा असून त्यात नंबरपाटी समोर आहे, परंतु नेमका झेंडूचा हार तिच्यावर आला आहे. गोवा, दमण व दीव या संघप्रदेशाच्या काळातला ‘जीडी’ने सुरू होणारा तो क्रमांक आहे, तिसरे अक्षर व पहिले दोन आकडे हाराखाली गेले आहेत आणि शेवटचे ४७ तेवढे वाचता येतात. वडील आता ७९ वर्षांचे आहेत. ते दर वेळी वेगळा क्रमांक सांगतात, आणि प्रत्येक वेळी तितक्याच खात्रीने.

ओळखीच्या खुणा पुढीलप्रमाणे आहेत. लेगगार्ड कंपनीचा नसून खाणीच्या वर्कशॉपमध्ये जाड पाइप वाकवून केलेला आहे. तो बाहेर इतका येतो की अरुंद फाटकातून गाडी तिरपी करून काढावी लागे. टूलबॉक्सच्या झाकणावर तांबड्या रंगात ‘श्री सप्तकोटेश्वर प्रसन्न’ असे रंगवून घेतले होते, पण पेंटरचा अंदाज चुकल्यामुळे ‘सप्तकोटेश्व’पर्यंत ओळ संपली आणि ‘र’ खालच्या ओळीत ‘प्रसन्न’च्या आधी जाऊन बसला. वर दुसरा रंग चढला असला, तरी तिरप्या उजेडात ती अक्षरे कदाचित दिसतील. टाकीच्या रंगावर विसंबू नये. किनारपट्टीवर भाड्याने फिरलेल्या आणि परदेशी पाहुण्यांच्या हाती गेलेल्या बुलेटच्या टाक्या, सीट, हँडल सर्रास बदललेले असतात. गिअर उजव्या पायाला आहे, पण त्या काळातल्या सगळ्याच बुलेटचा तो तसा असे, म्हणून ती खूण धरता येत नाही.

विमा पॉलिसीचा वाळवीने खाल्लेला एक तुकडा सापडला असून त्यावर इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे शाबूत आहेत. ते मी येथे मुद्दाम देत नाही. कोणाला गाडी सापडली, तर त्याने ते आधी मला सांगावेत, म्हणजे खातरजमा होईल.

आता कागदपत्रांविषयी. विक्रीच्या वेळी वडिलांनी हस्तांतरणाच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून आरसी बुक देऊन टाकले. गाडी पुढे कोणाच्या नावावर झाली की नाही, हे त्यांनी कधी पाहिले नाही. नावावर झालीच नसेल, तर नोंदीत आजही मालक म्हणून वडीलच असतील, आणि तसे असल्यास स्वतःच्या वाहनाची नोंद मागण्याचा अर्ज त्यांनाच करता येईल, असे मला वाटते. शिवाय खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते व नंतर ५-५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते; म्हणजे गाडी कागदोपत्री चालू राहिली असेल, तर १९९८ च्या सुमारास ती कोणीतरी तपासणीसाठी आरटीओत नेली असणार. माझा प्रश्न असा की, पूर्ण क्रमांक हाती नसताना मालकाचे नाव व नोंदणीचे वर्ष यांवरून जुन्या रजिस्टरात शोध घेण्याची विनंती कोणी यशस्वीपणे केली आहे का? केली असल्यास अर्ज कोणाच्या नावे, कोणत्या शब्दांत केला?

गॅरेजवाले आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाच्या आठवणीप्रमाणे ती गाडी हणजूणच्या एका भाड्याने गाड्या देणाऱ्याने नेली, पण त्या वर्षी त्याने तीन बुलेट नेल्या होत्या. बुधवारच्या हणजूण बाजाराच्या आसपास १९९५ ते २००० या काळात गाड्या दुरुस्त करणारे कोणी येथे असल्यास त्यांनी तो लेगगार्ड आठवून पाहावा. फोटो व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवतो.