मदत हवी आहे: मुलं बोलली की ॲपला काहीच कळत नाही (तातडीने)

पाटीपेन्सिल
बालवाडी ते दुसरीच्या मुलांसाठी मराठीत बोलणारं ॲप करतेय. ॲप विचारतं, 'चित्रात चेंडू किती?', मूल तोंडी उत्तर देतं, मग ॲप शाबासकी देतं नाहीतर पुन्हा मोजायला लावतं. माझ्या, नवऱ्याच्या, सासूबाईंच्या आवाजावर छान चालतं. मुलं बोलली की सगळा गोंधळ. कधी काहीच उमटत नाही, कधी भलतंच वाक्य येतं. पुढच्या आठवड्यात बालवाडीच्या बाई वर्गात चालवून बघणार आहेत. बोलणं ऐकून लिहून काढणारं मोठं मॉडेल घेतलं तर सुटेल का? कोणतं घेऊ? लवकर सांगा प्लीज.

खटपट्या
सध्या कोणतं मॉडेल आहे? फोनवरच चालतं की सर्व्हरवर? भलतंच म्हणजे नेमकं काय येतं? दोन-चार नमुने टाका, नाहीतर सगळे अंदाजाने बोलत बसतील.

अण्णा_सातारकर
ताई, एवढ्या लहान वयात हातात स्क्रीन देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तितकी बरी. चिंचोके द्या मोजायला.

पाटीपेन्सिल
अण्णा, चेंडू मोजायला पाच-सात मिनिटं पुरतात, आणि चिंचोके वर्गात आहेतच. माझा प्रश्न वेगळा आहे.
@खटपट्या, ओपनएआयच्या व्हिस्परचं स्मॉल मॉडेल, सर्व्हरवर. मुलांकडे साधा अँड्रॉइड टॅब. ॲपच्या नोंदींमधून (लॉगमधून) देते: मूल म्हणालं 'पाच', आलं 'धन्यवाद'. मुलाने 'तीऽऽन' असं लांबवलं, आलं 'तीन तीन तीन तीन'. मूल म्हणालं 'ए... ए... एकवीस', आलं नुसतं 'ए'. कधी 'बावीस' येतं, कधी '22', मग माझा कोड उत्तर चूक धरतो. आता सांगा, मॉडेल कोणतं?

खटपट्या
मॉडेल बदलून यातलं निम्मंही सुटणार नाही. या चार वेगळ्या भानगडी आहेत.
'धन्यवाद' येतं कारण व्हिस्पर आवाज तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत घेतं. तुमचं 'पाच' अर्ध्या सेकंदाचं, उरलेली जागा शांततेने भरली जाते. 2022 मध्ये हे मॉडेल आलं ते इंटरनेटवरच्या 6,80,000 तासांच्या आवाजावर शिकून. शांतता आली की ते व्हिडिओच्या शेवटी असतात तसली वाक्यं जोडतं. 'तीन तीन तीन' हाही त्याचाच प्रकार. त्यामुळे आधी बोलणं कुठे सुरू होतं नि कुठे संपतं ते वेगळं ओळखा (त्यासाठी सिलेरो व्हीएडी हे साधन फुकट आहे) आणि तेवढाच तुकडा पाठवा. भाषा 'एमआर' (मराठीचा कोड) अशी बांधून द्या, आपोआप ओळखायला सोडलीत तर छोट्या शब्दाला ते हिंदी समजतं.
'ए' वर तुटतं तो दोष ओळखण्याचा नाहीच. किती शांततेनंतर रेकॉर्डिंग थांबवता?

पाटीपेन्सिल
अर्धा सेकंद. त्याहून जास्त ठेवलं की ॲप मंद वाटतं.

खटपट्या
मोठ्यांना मंद वाटतं. मूल मनात मोजत असतं. दोन सेकंद तरी ठेवा.

देवगिरी
इतका खटाटोप कशाला? अँड्रॉइडमध्येच बोलणं ओळखायची सोय आहे, मराठीसकट. सर्व्हरचा खर्चही वाचेल.

खटपट्या
शांततेचा वेळ तिथेही मागता येतो, पण पाळायचा की नाही ते ओळखणारं ॲप ठरवतं, अँड्रॉइडच्या माहितीतच तसं लिहिलंय. हिच्या प्रश्नाचं मूळ नेमकं तेच आहे.

देवगिरी
मग सरकारची भाषिणी वापरा, नाहीतर मद्रास आयआयटीच्या एआयफोरभारतची मॉडेलं. आपल्या भाषांसाठीच केलीत. परदेशी मॉडेलाच्या मागे लागायचं आणि मग मराठी येत नाही म्हणायचं!

खटपट्या
मीही वापरलीत, मोठ्यांच्या मराठीला चांगली आहेत. इथे प्रश्न पाच वर्षांच्या गळ्याचा आहे.

वाचाताई
मी लहान मुलांची वाचा-उपचार तज्ज्ञ आहे, म्हणून लिहिते. पुरुषाच्या आवाजाची पट्टी साधारण 120 हर्ट्‌झच्या आसपास असते, बाईची 200 च्या, आणि या वयाच्या मुलांची 250 ते 300 किंवा त्याहून वर. शिवाय घशापासून ओठापर्यंतची वाट आखूड असल्यामुळे स्वरांची घडणच वेगळी पडते. मोठ्यांच्या आवाजावर शिकलेलं मॉडेल इथे चुकणारच. त्यात 'र' उशिरा येतो. 'चार' म्हणताना मूल 'चाल' म्हणतं, 'बारा'चं 'बाला' होतं. तुमच्या कोडने 'चाल' हेही बरोबर धरायला हवं.

देवगिरी
चुकीचा उच्चार बरोबर धरला तर मूल तेच पक्कं करेल. शाळेत बाई असं करतील का?

वाचाताई
चांगल्या बाई अगदी असंच करतात. मूल म्हणतं 'चाल', बाई म्हणतात 'हो, चार! चार चेंडू!' टोकत नाहीत, बरोबर शब्द कानावर घालतात. ॲपनेही तेच करावं. मोजणं बरोबर आलेल्या मुलाला 'चूक' ऐकवलंत तर ते पुढच्या खेपेला तोंडच उघडणार नाही. हे मी रोज बघते.

पाटीपेन्सिल
हे फार उपयोगी आहे ताई. एक राहिलं, काही मुलं 'वीस एक' म्हणतात. तेही धरू का?

गणितवेडा
धरायलाच हवं! 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असं वाचायची पद्धत आली. जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना अडतो, हे गणितज्ञ मंगला नारळीकरांनी समजावून सांगितलं होतं. त्रेसष्ट, सदुसष्ट, एकोणसाठ हे मुलांनी केवळ पाठ करायचं का?

अण्णा_सातारकर
आमच्या चार पिढ्यांना त्रेसष्ट आलं. बाजारात भाजीवाली 'साठ तीन' म्हणणार आहे का? पावकी-निमकी तर केव्हाच गेली, आता आकडेही घालवा.

गणितवेडा
अण्णा, जुने शब्द पुस्तकातून काढलेले नव्हते, सोबत दिलेच होते. तेव्हाही लोक पुस्तक न उघडता भांडले.

एडिसनकर
न्यू जर्सीतून. आमच्या रविवारच्या मराठी शाळेतली मुलं घरी 'ट्वेंटी वन' म्हणतात आणि शाळेत 'वीस एक', आणि आम्हाला तेवढ्यानेही आनंद होतो. ॲप आयपॅडवर येणार का? किंमत किती?

खटपट्या
आकड्यांचा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या ना. @पाटीपेन्सिल, प्रत्येक आकड्याची सगळी रूपं एका तक्त्यात ठेवा: '22', '२२', 'बावीस', 'वीस दोन', 'बाविस'. जे येईल ते आधी संख्येत बदला, मग उत्तराशी ताडून बघा. आणि चित्रात सात चेंडू असतील तर उत्तर बहुतेक एक ते दहातलंच येणार. तेवढ्याच शब्दांतून सगळ्यात जवळचा निवडा. वाटेल ते ओळखायला लावूच नका.

वकीलीण
कोणीच विचारलं नाही म्हणून विचारते, लॉगमध्ये मुलांचे आवाज साठवता का? 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचं प्रत्येक जण मूल आहे, आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांबाबतच्या उल्लंघनाला 200 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. अमेरिकेत 2023 मध्येच अलेक्सावरची मुलांची रेकॉर्डिंग ठेवल्याच्या प्रकरणात ॲमेझॉनने अडीच कोटी डॉलर भरण्याचं मान्य केलं.

पाटीपेन्सिल
सध्या फक्त माझी आणि बहिणीची मुलं आहेत. बाईंच्या वर्गात काय करू?

वकीलीण
आवाज साठवूच नका. ओळखून झालं की पुसा, आलेला शब्द तेवढा ठेवा, तोही मुलाच्या नावाशिवाय. आणि बाईंमार्फत पालकांना मराठीत साधी चिठ्ठी द्या, सही घ्या.

पाटीपेन्सिल
काल रात्री दोन सेकंद केले, बोलण्याचा तुकडा वेगळा काढला, थोड्या चेंडूंच्या चित्रांना एक ते दहाच ठेवलं. 'धन्यवाद' गेलं. 'एकवीस' पूर्ण येतं. 'चाल' धरलं जातं. पण भाचीचा आवाज अजून फार बारीक, दबलेला येतो, लेकाचा ठीक. टॅब तोच, खोली तीच.

वाचाताई
भाची टॅब कसा धरते?

पाटीपेन्सिल
दोन्ही हातांनी, खालून, मांडीवर ठेवून.

खटपट्या
माइकचं भोक खालच्या कडेला असेल, तिचा तळवा त्यावर येतोय. वर्गात टॅब स्टँडवर ठेवा. आणि ॲप स्वतः बोलत असेल तेव्हा माइक बंद ठेवा, नाहीतर ते आपलाच प्रश्न उत्तर म्हणून ऐकेल.

पाटीपेन्सिल
बघितलं, भोक खालीच आहे. स्टँड आणायला सांगते. दहाच्या पुढचे आकडे बाईंकडे पहिल्या दिवशी ठेवत नाही.

एडिसनकर
आयपॅडचं कळवा हं.