मदत हवी आहे : भाषा शिकवणारा एडिसन फोनोग्राफ

जुन्या बाजारात एडिसनचा फोनोग्राफ (नळकांड्यावर नोंदलेला आवाज ऐकवणारं यंत्र) मिळाला, सोबत फ्रेंच धड्यांची मेणाची नळकांडी. अमेरिकेतल्या स्क्रॅन्टनच्या इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्सची. ते टपालाने भाषा शिकवत. वाक्य पुन्हा ऐकायला सुई मागे नेणारी कळही आहे, मला यंत्रापेक्षा तीच आवडली!

चावी भरताना घसरते, स्प्रिंग तुटली असावी. तबकडीवाले ग्रामोफोन दुरुस्त करणारे भेटतात, पण नळकांड्याचं यंत्र उघडलेला कारागीर पुण्यात कुणाला माहीत आहे का?

नळकांड्यांवर पांढरी बुरशी आहे. मेणाला स्पिरिट लावायची हिंमत होत नाही. पावसाळ्यात तुम्ही ती कशी ठेवता? शिवाय दोन मिनिटं वाजणाऱ्या नळकांड्यांसाठीचा रिप्रोड्यूसर (सुई असलेला, आवाज काढणारा भाग) हवाय, चार मिनिटांचा नको, त्याची सुई फार बारीक.

विकायचा नाहीये, कृपया भाव विचारू नये.