टी-शर्टवर हिवाळा? तो बीजिंगमध्ये!
चीनमध्ये हिवाळ्यात घरात टी-शर्टवर बसता येतं असं म्हणतात, पण ते बीजिंगसारख्या उत्तरेकडच्या शहरांपुरतं खरं. बीजिंगमध्ये साधारण 15 नोव्हेंबर ते 15 मार्च सार्वजनिक हीटिंग (शहराच्या यंत्रणेतून घराघरात येणारी ऊब) चालू असतं. पण छिनलिंग डोंगर आणि ह्वाई नदी (उत्तर आणि दक्षिण चीनमधली सीमारेषा) यांच्या दक्षिणेला ती सोय सहसा नसतेच. आम्ही दोघं याच दक्षिण भागातल्या सुझौ शहरात राहतो. एसीची गरम हवा छताशीच घोटाळते, फरशी मात्र गारठलेली. नवरा दिवसभर ऑफिसात उबेत (नशीब एकेकाचं!), मी जाकीट चढवून पोळ्या लाटते. धुतलेले कपडे दोन-दोन दिवस दमटच.

भाड्याने घर बघताना फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत का ते आधी विचारा आणि दक्षिणेकडची, ऊन येणारी बाल्कनी सोडू नका. इलेक्ट्रिक ब्लँकेट तर लगेच घ्या.