मुलं घरीच शिकतात, घरात ससे आणि कोंबड्या: दिवसाची घडी कशी बसवता?

पारिजात

नमस्कार मंडळी. आमची तिन्ही मुलं घरीच शिकतात. मोठी अकरा वर्षांची, मधला सात, धाकटी अजून तीनचीही नाही. जोडीला तीन ससे (एक नर, दोन माद्या) आणि सहा कोंबड्या.

अडचण अशी की पिंजरे साफ करा, पाणी बदला, खुराडं झाडा, यातच सकाळ जाते. मोठीचं गणित दुपारवर जातं आणि दुपारी तिचं डोकं चालत नाही. मधला तर कोंबड्यांपासून हलतच नाही. सासूबाई रोज विचारतात, "आज अभ्यास काय झाला?" झालेलं खूप असतं, पण दाखवायला हातात काही नसतं.

त्यात एक मादी गाभण आहे. आज सकाळपासून गवताच्या काड्या तोंडात आडव्या धरून कोपऱ्यात नेऊन रचतेय. मुलांनी हे बघावं असं मला मनापासून वाटतं. पण पिल्लं मेली तर? मधला फार हळवा आहे. आणि धाकटी हाताला लागेल ते तोंडात घालते, ती धास्ती वेगळीच.

तुमच्याकडे कसं चालतं? मुलांवर किती सोपवता?

उंबरठा

ताई, आधी नराला वेगळं करा, आजच. व्यायल्यावर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. दुसऱ्या मादीलाही थोडे दिवस दुसरीकडे ठेवा.

पेटी द्या. मादी आत शिरून वळू शकेल एवढीच, फार मोठी नको. खाली भुसा, वर भरपूर कोरडं गवत. स्वतःच्या पोटाचे केस उपटून ती त्यावर घालायला लागली की एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतच व्यायची. साधारण 31 दिवस धरतात, एखाद-दोन दिवस इकडे तिकडे. बहुतेकदा रात्री किंवा पहाटे उरकते, त्यामुळे प्रत्यक्ष व्यायलेलं मुलांना क्वचितच दिसेल. दिसते ती केसांची हलणारी गादी.

जुनी_वही

पारिजात ताई, आमची दोन्ही मुलं घरीच शिकली, आता मोठी झाली. ससे, कोंबड्या, मध्ये काही वर्षं गिनीपिग, सगळं घरात होतं. तुमचा "किती सोपवता" हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथूनच सुरू करते.

जनावराचा जीव मुलावर सोपवू नका. काम सोपवा, नोंद सोपवा, पण पाणी आहे की नाही हे दिवसातून दोनदा मोठ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. अकरा वर्षांची मुलगी कितीही जबाबदार असली तरी एखाद्या दिवशी ती पुस्तकात बुडणार, एखाद्या दिवशी रुसणार. तो तिचा हक्क आहे. त्या दिवशी ससा तहानेला राहता कामा नये, आणि "तुझ्यामुळे" हा शब्द तर तिच्या कानावर कधीच पडू नये.

आता सकाळ. सकाळी साफसफाई करूच नका. पाणी, चारा, अंडी, आणि एकेका जनावराकडे नीट बघणं, बस्. ससा पुढे येतो का, कालचं गवत संपलंय का, लेंड्या नेहमीएवढ्याच गोल आणि मोठ्या आहेत का, कोंबडी पंख फुगवून एकटी बसलीय का. सशाच्या लेंड्या एकाएकी बारीक झाल्या किंवा कमी पडल्या तर आजार दिसण्याआधीच ते कळतं. हे बघायला मधल्याला शिकवा. कोंबड्यांपासून हलत नाही म्हणता ना, मग हा मुलगा या कामात तुम्हाला मागे टाकेल. ससे बहुधा एकच कोपरा घाणीसाठी धरतात. तिथे तबक ठेवा आणि रोज तेवढंच बदला. पूर्ण पिंजरा आठवड्याने, संध्याकाळी, सगळ्यांनी मिळून.

सकाळचं ताजं डोकं गणिताला मिळू दे. जनावरांचं काम म्हणजे आपोआप अभ्यास झाला, असं मला कधीच पटलं नाही. शेण काढणं हे शेण काढणं आहे, ते चांगलं काम आहे, त्याला धड्याचं नाव द्यायची गरज नाही. अभ्यास सुरू होतो मुलाला काही अडतं तेव्हा. आणि तसं अडायला हवं असेल तर वही हवी.

आमच्याकडे पिंजऱ्याला दोरीने बांधलेली वही असे. तारीख, काय खाल्लं, वजन, वेगळं काही दिसलं का. धाकट्याला लिहिता येत नव्हतं तेव्हा तो चित्र काढायचा. सासूबाईंना तुम्ही उत्तर देऊच नका. वही मधल्याच्या हातात द्या आणि रात्री आजीला वाचून दाखवायला सांगा.

पिल्लं झाली की मोठीला वजनाचं काम द्या. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. वाडग्यात घरट्यातलेच थोडे केस घाला म्हणजे पिल्लू गारठत नाही, मग काटा शून्यावर आणा आणि एकेक पिल्लू ठेवा. जन्मतः पिल्लू साधारण 40 ते 60 ग्रॅमचं असतं. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कातडी इतकी पातळ की दूध प्यायलेलं असलं तर पोटातला पांढरा पट्टा बाहेरून दिसतो. ओळखायला कानाच्या आत पेनने ठिपके करायचे, पुसट झाले की पुन्हा.

माझी मुलगी रोज सरासरी काढायची आणि आलेखाची रेघ वर चढताना बघून खूश व्हायची. मग एकदा तिने प्रत्येक पिल्लाची वेगळी रेघ काढली. सरासरी वाढत होती, पण दोन ठिपक्यांचं पिल्लू सलग घटत होतं. ती वही घेऊन धावत माझ्याकडे आली. आम्ही मादीला मांडीवर घेऊन त्या पिल्लाला इतरांच्या आधी पाजायला सुरुवात केली. ते जगलं, अंगाने लहानच राहिलं. सरासरी काय दाखवते आणि काय झाकते हे त्या पोरीला नंतर कुणी समजावून सांगावं लागलं नाही. असे प्रसंग ठरवून आणता येत नाहीत, वही असली तर मात्र ते सापडतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण सगळी मुलं इथेच घाबरतात: आई पिल्लांजवळ बसत नाही. दिवसातून एकदा-दोनदा येते, तीन-चार मिनिटं पाजते आणि निघून जाते. तिने पिल्लं टाकलेली नसतात. रानात आई सतत बिळाशी बसली तर शिकाऱ्याला घर कळेल, म्हणून हा स्वभाव. दूध इतकं घट्ट असतं की त्यातली चरबी गाईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट भरते. पोटं गोल आणि तुकतुकीत असली तर काळजी नको. कातडीला सुरकुत्या दिसल्या तर मात्र बघा. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते असंही सांगतात. माणसाळलेल्या मादीच्या बाबतीत त्याची भीती बाळगू नका, आधी तिला कुरवाळा आणि मग घरट्यात हात घाला.

आणि मरण. एका वेतात एखादं पिल्लू मेलेलं निघणं नेहमीचं आहे, हे मधल्याला आत्ताच सांगा, व्यायच्या आधी. पहिल्यांदा घरटं मोठ्या माणसाने एकट्याने तपासायचं, मेलेलं असेल ते बाजूला काढायचं, मग मुलांना बोलवायचं. मेलं असेल तर "मेलं" म्हणा. "झोपलं" म्हणू नका, धाकटीला रात्री झोपायची भीती बसेल. बघायचं असेल त्याला बघू दे, नको म्हणेल त्याला नको. पुरायचा खड्डा मुलांना खणू द्या. हळव्या मुलाला हाताला काहीतरी काम हवं असतं, आणि रडू आलं तर तुम्हीही तिथेच बसा.

कडुलिंब

लहान जनावरांवर उपचार करणं हे माझं रोजचं काम, म्हणून धाकटीबद्दल लिहितो. कोंबड्या धडधाकट दिसत असल्या तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचा, पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास जास्त होतो. कोंबडीची पिल्लं गालाला लावणं, पापे घेणं नको. खुराड्याच्या चपला वेगळ्या आणि घराबाहेरच. साबणाने हात धुणं सगळ्यांनी एकदम करायचं, म्हणजे ती शिक्षा वाटत नाही. धाकटीला अंडी मोजू द्या, पण आधी ती तुम्ही पुसून घ्या आणि नंतर तिचे हात धुवा.

ससा हाताळायला मुलांना जमिनीवर मांडी घालून बसवा. उभ्याने उचललेला ससा मागचे पाय झाडतो आणि त्या झटक्यात त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. त्याला बाजूचं, मागचं जवळजवळ सगळं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं दिसत नाही. समोरून थेट नाकावर हात आणला की तो दचकतो. बाजूने, कपाळावर हात न्यायचा.

ससा अर्धा दिवस काहीच खात नसेल तर वाट बघू नका, लगेच दाखवा. त्याचं आतडं थांबणं जिवावर बेततं. आहारात गवतच मुख्य हवं. त्याचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात.

आडवाट

जुनी_वही, तुमच्याशी सहमत नाही. आमच्या मुलाने नऊ वर्षांचा असल्यापासून कोंबड्या पूर्णपणे स्वतः सांभाळल्या. आम्ही मागे उभे राहिलो असतो तर त्याला त्या आपल्या वाटल्याच नसत्या. पूर्ण जबाबदारी दिली की मूल वाढतं.

जुनी_वही

आडवाट, तुमच्या मुलाचं कौतुक वाटतं, मनापासून. तरीही मी माझ्या जागी ठाम आहे. मुलाला आपलेपणा वाटावा म्हणून ठरवणं त्याच्यावर सोडा: खुराडं कुठे हलवायचं, कोणती अंडी ठेवायची, नावं काय द्यायची. मी मागे उभी राहते ती मुलासाठी नाही, कोंबडीसाठी. तिने कुणाचं शिक्षण करायचं कबूल केलेलं नाही.

पारिजात

सगळ्यांचे खूप आभार. काल पहाटे व्यायली. सहा पिल्लं, त्यातलं एक मेलेलं. मी आधी एकटीने बघितलं, मग मुलांना बोलावलं. मधल्याने मेलेलं पिल्लू बघायचं म्हटलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "याने दूध प्यायलं होतं का?" पोटात पट्टा नव्हता, तो त्याला स्वतःलाच दिसला. नंतर पुरताना रडला. मोठीने पाचही पिल्लांची वजनं लिहिलीत, सगळ्यांत हलकं 42 ग्रॅम. त्याच्यावर आता सगळ्यांचं लक्ष आहे.

आता नवीन विषय. एक कोंबडी खुडूक झालीय, पेटीतून उठत नाही. मधला म्हणतो तिच्याखाली अंडी ठेवू या. आमच्याकडे कोंबडा नाही, म्हणजे फळलेली अंडी बाहेरून आणावी लागतील. ठेवू का?

जुनी_वही

त्या 42 ग्रॅमच्या पिल्लाचं पोट रोज एकाच वेळी बघा, मादी पाजून गेल्यावर.

खुडूक कोंबडी बसवण्यासारखं दुसरं काही नाही. 21 दिवस, अंडी ती स्वतः फिरवते, ऊब ती बघते, तुम्हाला दाणा-पाणी तिच्याजवळ ठेवायचं आणि दिवसातून एकदा तरी ती उठते ना एवढं बघायचं. अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा, नाहीतर बाकीच्या कोंबड्या तिच्याखाली रोज ताजी घालतील आणि हिशेब राहणार नाही. सातव्या-आठव्या रात्री न्हाणीघरात अंधार करून एकेक अंडं टॉर्चवर धरा. जीव धरलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात, मध्ये काळा ठिपका, तो डोळा, आणि थोडं थांबलं तर तो हलतो. ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी अंडी फोडून हे बघितलं होतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्ताच्या ठिपक्यासारखं धडधडणारं हृदय त्याने नोंदवलंय. मोठीला हे जरूर सांगा. तुम्हाला फोडायची गरज नाही, टॉर्च आहे. अठराव्या दिवसानंतर मात्र अंड्यांना अजिबात हात नको. कवच टोचलं की सोलून मदत करायचा मोह होईल, मधल्याला आधीच बजावून ठेवा. आतल्या शिरांमधलं रक्त आणि उरलेला बलक पिल्लाने ओढून घ्यायचा असतो, घाई केली तर ते रक्त जाऊन मरतं.

पण अंडी आणण्याआधी एक बोलणं करा. निघालेल्या पिल्लांत निम्म्याच्या आसपास कोंबडे असणार. ते मोठे झाले की आरवणार, आपसात भांडणार, आणि सहा-सात कोंबड्यांमागे दोन-तीन कोंबडे झाले तर कोंबड्यांच्या पाठीची पिसं जाणार. त्यांचं काय करायचं हे आज ठरवा, मधल्यालाही बोलण्यात घ्या. तोवर त्याने त्यांना नावं दिलेली नसतील. कुणी घ्यायला तयार असेल तर तसं आधी बोलून ठेवा. काहीच जमणार नसेल तर यंदा अंडी ठेवू नका. खुडूक उतरवायला तिला तीन-चार दिवस खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, दाणा-पाणी भरपूर द्या. पोटाखालची ऊब गेली की ती बसायचं सोडते.

पारिजात

हे कोंबडे निघतील ते डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री जेवताना बोलतो सगळे. ठरलं की कळवते.