अनुभव धागा : एक गाडी, चार चालक आणि चालकाची सीट

आमंत्रण

आपल्या भागात चारचाकी सहसा एकाची नसते. घरात एक गाडी आली की सकाळी ती शाळेत जाणारी सून चालवते, दुपारी धाकटा दीर त्याच गाडीतून ढेपेची पोती आणतो, आणि रात्री कोणाला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर शेजारचा भाचाही चालकाच्या जागेवर बसतो. प्रत्येकाची उंची वेगळी, गुडघे वेगळे, पोटाचा घेर वेगळा. सीट मात्र ज्याने शेवटची गाडी उभी केली त्याच्या मापाची राहते आणि पुढचा माणूस तशीच किल्ली फिरवून निघतो. पाठ दुखणे ही यातली लहान गोष्ट आहे. ब्रेक पूर्ण दाबला जाणार की नाही, पट्टा हाडावर बसणार की पोटावर, एअरबॅग छातीला आधार देणार की चेहऱ्यावर आदळणार, हे सगळे सीट कशी लावली आहे यावर ठरते. म्हणून हा धागा. आपण सीट कशी जुळवता, घरातील इतरांना कशी जुळवून देता, आणि आपल्या रस्त्यांवर, आपल्या उन्हात व धुळीत काय अडचणी आल्या, ते सविस्तर लिहावे ही विनंती.

शिक्षिका, दारव्हा तालुका

माझी उंची पाच फुटांहून थोडी कमी आणि यजमान सहा फुटांच्या जवळ, त्यामुळे आमच्या घरी सीट रोज हलते. मी ठरवून घेतलेला क्रम लिहिते, कारण क्रम चुकला की एक गोष्ट जुळवताना दुसरी बिघडते. प्रथम पाठ आणि कंबर सीटच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत सरकवून बसते. मग डाव्या पायाने क्लच तळाला टेकेपर्यंत दाबते आणि त्या वेळी गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट पुढे घेते. पाय ताठ झाला तर सीट लांब आहे, गुडघा स्टिअरिंगखाली घासत असेल तर फार जवळ आहे. त्यानंतर सीटची उंची, जेणेकरून बॉनेटच्या पलीकडचा रस्ता मान न उंचावता दिसेल. मग सीटची पाठ : खांदे टेकलेले असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात पडले पाहिजे. शेवटी स्टिअरिंगची उंची, आरसे आणि पट्टा. आरसे सीटच्या आधी लावले तर पुन्हा लावावे लागतात.

आम्हा बुटक्या स्त्रियांची खरी अडचण पुढे आहे. क्लच गाठायचा तर सीट पुढे घ्यावी लागते आणि पुढे घेतली की छाती स्टिअरिंगला चिकटते. १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, आणि ती क्षणार्धात फार जोराने फुगते. म्हणून स्टिअरिंगचा मधला भाग आणि छातीचे हाड यांच्यात किमान २५ सेंटीमीटर अंतर हवे. मी टेपने मोजून पाहिले : माझी एक वीत आणि वर चार बोटे म्हणजे साधारण तेवढेच. आता बसल्यावर हातानेच ते पडताळते. अंतर कमी पडले तर सीटची पाठ थोडी मागे कलवते, सीट एक-दोन खटके वर घेते आणि स्टिअरिंग खाली करते, म्हणजे एअरबॅगचे तोंड चेहऱ्याकडे न राहता छातीकडे राहते. पाठीमागे जाड उशी घेऊन बसण्याचा सल्ला मला अनेकींनी दिला. तो मी मानला नाही, कारण सुटी उशी जोरात ब्रेक मारल्यावर सरकते आणि शरीर पट्ट्यापासून दूर ठेवते.

शेतकरी, कारंजा तालुका, वाशीम जिल्हा

ताईंनी क्रम फार चांगला सांगितला. मी त्याखालच्या लोखंडाबद्दल लिहितो, कारण शेतावर जाणाऱ्या गाडीत बहुतेक बिघाड तिथेच होतो. सीट दोन रेलवर सरकते आणि खटका सोडल्यावर दोन्ही बाजूंना कुलूप बसले पाहिजे. सोयाबीनच्या हंगामात चपलांबरोबर कुटार, दाणे आणि आपली काळी माती आत येते. ती ओली असताना रेलमध्ये शिरते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते. मग एका बाजूचा दात बसतो, दुसऱ्या बाजूचा अर्धाच अडकतो. हाताला खटका बसल्यासारखा वाटतो, पण पांदण रस्त्याच्या पहिल्या मोठ्या खड्ड्यात सीट एकदम मागे सरकते आणि चालकाचा पाय ब्रेकवरून सुटतो. माझ्या ओळखीच्या एका गाडीत असे झाले. सुदैवाने वेग बैलबंडीइतकाच होता.

तेव्हापासून आमच्या घरी नियम असा आहे की सीट जुळवली की दोन्ही पाय रोवून ढुंगणाने सीटला पुढे-मागे दोन जोरदार हिसके द्यायचे, आणि दोन्हीकडून 'खट्ट' ऐकू आल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. हंगाम संपला की सीट पूर्ण पुढे घेऊन मागची रेल आणि पूर्ण मागे घेऊन पुढची रेल कोरड्या ब्रशने साफ करतो, दाणे बारीक चिमट्याने काढतो. जुने इंजिन ऑइल ओतणे टाळावे, त्याला माती अधिकच चिकटते. सीटखाली पाण्याची बाटली, कीटकनाशकाचा डबा, विळा असे काही ठेवू नये. बाटली घरंगळत ब्रेकखाली गेली तर पाय कितीही बळकट असला तरी उपयोग नाही.

रुग्ण नेणारे चालक, अहेरी

अहेरीहून नागपूरला रुग्ण घेऊन जाणे हा माझा व्यवसाय आहे. कंबर धरली की माणूस सीट मागे लोटून पसरून बसतो, आणि त्यानेच कंबर अधिक धरते. खांदे सीटवरून सुटतात, मान पुढे येते आणि सगळा भार कमरेच्या खालच्या मणक्यांवर पडतो. माझ्या मते सीटची पाठ काटकोनाहून थोडीशीच मागे, साधारण १०० ते ११० अंशांपर्यंत, एवढी पुरे. कमरेच्या पोकळीत दुपट्ट्याची पातळ घडी ठेवतो, जाड नाही. मांडीचा मागचा भाग सीटवर टेकलेला असावा, पण सीटची कड गुडघ्यामागे रुतू नये. तिथे दोन-तीन बोटे सहज जावीत. मागच्या खिशात पाकीट ठेवून बसत नाही, कारण त्याने कंबर एका बाजूला कलते आणि तासाभरात पायाला मुंग्या येतात. साधारण दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालतो. रुग्णाचे नातेवाईक घाईत असतात हे मला समजते, तरीही उतरतो.

आता शेजारच्या सीटबद्दल. रात्री नातेवाईक थकलेले असतात, 'भाऊ, थोडी सीट मागे करतो जी' म्हणतात आणि जवळजवळ खाट करून झोपतात. मी त्यांना आदराने उठवतो. सीट आडवी झाली की पट्ट्याचा वरचा भाग छातीवर न राहता हवेत राहतो, आणि धडक बसली तर शरीर पट्ट्याखालून पुढे सरकते, पट्टा गळ्याशी किंवा मऊ पोटात रुततो. झोप असह्य असेल तर गाडी बाजूला उभी करून झोपावे. समृद्धी महामार्गावर तर हे फारच जपले पाहिजे, कारण तिथे मोटारींना १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि त्या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे जाते. चालत्या गाडीत चालकाने सीटचा खटका ओढणे म्हणजे तेवढे मीटर डोळे मिटून जाणे होय, आणि सीट अचानक सुटली तर स्टिअरिंगही हातून जाते.

वरोऱ्याहून प्रश्न

एप्रिल-मेमध्ये, विशेषतः नवतपात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, आमच्याकडे बंद गाडीतील बकल हाताला चटका देते. मुले पट्टा लावू देत नाहीत, आणि घरातील मोठे 'राहू दे' म्हणतात. मी आता बकलवर पांढऱ्या सुती कापडाची पिशवी चढवते आणि गाडी उभी करताना पट्टे सीटच्या मागे सावलीत टाकते. दुसरी गोष्ट, दुकानदाराने घट्ट शिवलेले कव्हर सुचवले होते. ज्या गाडीत सीटच्या बाजूला एअरबॅग आहे, म्हणजे सीटच्या कडेवर तसे लेबल आहे, तिथे अखंड कव्हर घालू नये, कारण एअरबॅगला फुटून बाहेर येण्याचा मार्ग बंद होतो. माझा प्रश्न असा : आमच्या घरी तिघे गाडी चालवतात. प्रत्येक वेळी नव्याने अंदाज करण्याऐवजी आपली जागा पटकन परत मिळवण्याचा काही उपाय आहे का?

परिचारिका, धारणी तालुका, मेळघाट

माझा विषय बाळाचा आणि गर्भवतीचा आहे. दवाखान्यातून बाळंतीण घरी निघते तेव्हा पुढच्या सीटवर आजी बाळाला मांडीवर घेऊन बसते आणि सांगते, 'माझ्या हातून नाही सुटत जी बाई.' आजीच्या मायेवर मला तीळभर शंका नाही. पण धडकेच्या क्षणी बाळाचे वजन हातांना न पेलण्याइतके भारी होते. त्यातच आजी पट्ट्याविना असेल तर तिच्या शरीराचा भार बाळावरच येतो. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड असलेली बालसीट कधीही ठेवू नये. फुगणारी एअरबॅग नेमकी बाळाच्या डोक्यामागच्या भागावर आदळते. बालसीट मागेच, आणि तान्ह्या बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. ती पट्ट्याने किंवा आयसोफिक्सच्या (बालसीट अडकवण्यासाठी गाडीतच बसवलेल्या) कड्यांनी बांधल्यावर, जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवावी. एका इंचाहून जास्त हलली तर पुन्हा घट्ट करावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालसीट नसेल तर १००० रुपये दंड आहे. पण दंडाआधी मी नातेवाइकांना बाळाच्या मानेबद्दल सांगते, ते अधिक पटते. भाड्याच्या गाडीत बालसीट मिळत नाही, हे मी रोज पाहते. तिथे बाळ मागे, आईजवळ, आणि आईला पट्टा, एवढे तरी मी करून घेते. ही खरी सुरक्षितता नाही, बालसीटची जागा ती घेत नाही. तरीही पुढच्या सीटवरच्या मांडीपेक्षा बरी.

गर्भवतीने पट्टा सोडू नये. खालचा भाग पोटाच्या उंचवट्याखाली, कमरेच्या हाडांवर, आणि वरचा भाग दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने यावा. पोट वाढेल तशी सीट मागे घ्यावी. सेमाडोहच्या घाटातील वळणांत पट्टा सैल असेल तर शरीर एका बाजूहून दुसऱ्या बाजूला आदळते, हे मी अनेकींना समजावून सांगितले आहे.

साकोलीहून, सासऱ्यांबद्दल

आमचे मामाजी सत्तरीचे आहेत आणि गुडघ्यांनी बेजार आहेत. ते पूर्वी एक पाय आत टाकून मग शरीर ओढत असत. आता प्रथम सीट पूर्ण मागे आणि थोडी वर घेते, ते पाठ गाडीकडे करून सीटच्या कडेवर बसतात, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवतात. त्यानंतर सीट त्यांच्या मापाला आणते. मागे बसायचे असले तर डोक्याचा आधार, ज्याला आपण हेडरेस्ट म्हणतो, तो आधी वर करते. नव्या गाडीत मागचे हेडरेस्ट अगदी खाली बसवलेले असतात आणि वर्षानुवर्षे तसेच राहतात. काही जण दिसायला अडथळा म्हणून काढूनच टाकतात. मागून वाहन धडकले तर डोके झटक्याने मागे जाते, आणि आधार मानेच्या उंचीवर असेल तर मान त्याच्यावरून मागे मोडते. त्याची वरची कड डोक्याच्या वरच्या भागाशी, निदान कानांच्या वरच्या टोकाशी यावी, आणि डोके व आधार यांच्यात चार बोटांहून अधिक अंतर नसावे. मागच्या पट्ट्यांची बकले आमच्या गाडीत कव्हरखाली दडपली होती, ती मी बाहेर काढली. मागच्या सीटवर पट्टा लावणे नियमानेही बंधनकारक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागे बसलेले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. त्या बातमीनंतर मामाजींनी स्वतःहून पट्टा मागायला सुरुवात केली.

मेकॅनिक, परतवाडा

वरोऱ्याच्या ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. हाताने सरकणाऱ्या सीटमध्ये स्मरण ठेवणारे बटण नसते, पण सीट पूर्ण मागे ढकलून तिथून किती खटके पुढे आल्यावर आपला पाय क्लचवर बरोबर येतो, हे मोजून ठेवावे. घरातील तिघांचे तीन आकडे दाराच्या आतील कडेवर रंगाच्या पेनाने लिहिले तरी चालते. सीटची पाठ चाकाने फिरत असेल तर पूर्ण उभी करून तिथून किती वळसे मागे, ते मोजावे. स्टिअरिंगची दांडी खाली-वर करून झाल्यावर परत घट्ट दाबायला विसरू नये.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी आणखी. दर खेपेला मी आधी सीटचे बोल्ट, मग रेल आणि मग पट्टा पाहतो. पट्टा हळू ओढला तर सरळ यावा, झटका देऊन ओढला तर जागीच अडकावा, आणि सोडला की पूर्ण गुंडाळला जावा; मध्येच लोंबत राहिला तर तो बदलावा. गाडीचा मोठा अपघात झालेला असेल तर दिसायला धडधाकट पट्टाही बदलावा, कारण एकदा जोराचा ताण सोसल्यावर त्याच्या धाग्यांवर आणि गुंडाळीच्या यंत्रावर भरवसा ठेवता येत नाही. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझत नसेल किंवा मुळीच लागत नसेल तर आधी त्याची तपासणी करून घ्यावी. जागा वाढवण्यासाठी सीट पुढे सरकवून नवे भोक पाडून बसवून द्या, असे लोक सांगतात. ते काम मी घेत नाही, कारण पट्ट्याचे गाडीच्या सांगाड्यावरचे टोक जागेवरच राहते आणि सीट सरकली की पट्टा हाडावर येत नाही.