मारामारी बघायची तर चित्रातली, आणि तीही डीव्हीडीवर

चकतीबहाद्दर

आधीच सांगतो, मत एकांगी आहे. सुपरहिरोंच्या चित्रपटांतली खऱ्या नटांची मारामारी मला आता बघवत नाही. कॅमेरा नाकाला चिकटलेला, पापणी लवायच्या आत दुसरा शॉट, कोणी कोणाला हाणलं ते आवाजावरून ओळखायचं. 'बॅटमॅन बिगिन्स' (२००५) माझा लाडका चित्रपट, पण त्यातल्या हाणामारीत मला फडफडणाऱ्या काळ्या कापडापलीकडे काही दिसत नाही.

ॲनिमेशनमध्ये ही पळवाट नाही. तिथे फुकट काही येत नाही. ठोसा हवा असेल तर कोणीतरी बसून तो काढावा लागतो, म्हणजे वजन कुठल्या पायावर आहे आणि खांदा कधी वळला हे आधीच ठरवावं लागतं. त्यामुळे बघणाऱ्यालाही ते दिसतं.

उदाहरण म्हणून १९९३ चा 'बॅटमॅन: मास्क ऑफ द फँटॅझम' घ्या. जेमतेम ७६ मिनिटांचा. शेवटाकडे ओसाड पडलेल्या जागतिक प्रदर्शनात बॅटमॅन आणि जोकर समोरासमोर येतात, आणि भिडतात कुठे, तर शहराच्या छोट्या प्रतिकृतीत! गुडघ्याएवढ्या इमारती, त्यांच्यामध्ये हे दोघे राक्षसासारखे. अख्खं शहर ज्यांच्या भांडणात भरडलं जातं ते दोघे त्याच शहराच्या खेळण्यात लोळतायत. संवाद न लिहिता केवढं सांगून टाकलंय.

आता डीव्हीडी का, ते सांगतो. रिमोटवरचं एकेक फ्रेम पुढे नेणारं बटण. पॉज करायचं आणि टकटक दाबत जायचं. पॅल (आपल्याकडच्या टीव्हीची, सेकंदाला २५ फ्रेमची पद्धत) चकतीवर ॲनिमेशन असेल तर बऱ्याचदा पहिल्या टकटकीला हात हलतो, दुसरीला हलत नाही, तिसरीला पुन्हा हलतो. म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलंय. मग ठोसा लागायच्या क्षणी अचानक प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र येतं. वेग आला तो तिथून! हे कळल्यावर मी त्या रात्री दुसरं काही केलं नाही. ऑनलाइन बघताना कोण एवढं थांबतं? एक संपला की पुढचा आपोआप सुरू.

निशाचर

मारामारीबद्दल अर्धा सहमत, डीव्हीडीबद्दल साफ असहमत.

पॅल डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, ब्लू-रे या डीव्हीडीनंतरच्या चकतीचं १९२० बाय १०८०. एवढा फरक असताना 'चित्रातली रेघ न् रेघ दिसते' हे डीव्हीडीवाल्यांनी म्हणायचं म्हणजे कमालच. 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) डीव्हीडीवर लावून बघा. त्यात छापील कॉमिकसारखे ठिपके आहेत, रंगांची छपाई किंचित सरकल्यासारखी मुद्दाम ठेवली आहे. डीव्हीडीवर त्या ठिपक्यांचा नुसता गाळ होतो. ज्यांनी वर्षं घालवून ते ठिपके बसवले त्यांनी तुमचा टीव्ही बघितला तर रडतील.

आणि तुमच्या लाडक्या जुन्या बॅटमॅनची तर आणखी पंचाईत. ज्या मालिकेतून तो चित्रपट निघाला तिथले देखावे काळ्या कागदावर रंगवायचे, अंधारातून उजेड काढत जायचा. काळोख हाच तिथला मुख्य रंग. आणि डीव्हीडीत मावावं म्हणून चित्र दाबतात, त्या कॉम्प्रेशनला नेमका काळोखच झेपत नाही. रात्रीच्या आकाशात चौकोनी ठिगळं दिसतात ती काय दिग्दर्शकाने काढलीत?

शिवाय तुम्ही स्वतःच पॅल म्हणालात म्हणून सांगतो. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट तिथे २५ ने पळवतात. तुमचे ७६ मिनिटं तिथे ७३ च होतात, आणि मुद्दाम दुरुस्त केला नसेल तर आवाज किंचित वर चढतो. बॅटमॅनला आवाज देणाऱ्या केव्हिन कॉनरॉयचा तो खर्ज! त्यालाच कात्री लावून तुम्ही फ्रेमा मोजताय.

चकतीबहाद्दर

खर्जाचा घाव वर्मी बसला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

ठिपक्यांचंही मान्य. पण 'स्पायडर-व्हर्स'चंच घ्या. जंगलातल्या त्या प्रसंगात नवा स्पायडर-मॅन माइल्स नवखा असताना त्याची चित्रं दोन-दोन फ्रेम धरलेली आहेत आणि शेजारी झोके घेणारा मुरलेला स्पायडर-मॅन पीटर प्रत्येक फ्रेमला हलतो. एकाच शॉटमध्ये! माइल्स अडखळतोय हे आधी डोळ्यांना जाणवलं, कारण बटण दाबल्यावर सापडलं. गाळ झालेल्या ठिपक्यांसकट सापडलं.

रीळमास्तर

तुम्ही दोघे चकतीच्या जाडीवर भांडताय, मूळ विधानच चुकलंय. वाईट शूट केलेल्या मारामारीचा राग खऱ्या नटांवर का काढता?

'पोलीस स्टोरी' (१९८५) बघितलाय ना? शॉपिंग मॉलमधला शेवट. जॅकी चॅन दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबावरून घसरत खाली येतो, दिवे फुटत जातात. उडी एकदाच मारलीय, पण पडद्यावर तीनदा दाखवलीय, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून. लपवायचं सोडा, दिग्दर्शक गळा धरून सांगतोय, बघ, नीट बघ. 'द रेड' (२०११) मधल्या अरुंद बोळातसुद्धा कोण कुठे उभा आहे याचा गोंधळ होत नाही. ही सगळी हाडामांसाची माणसं. भाजतं, हाड मोडतं, ते आपल्याला माहीत असतं, म्हणून पोटात गोळा येतो. चित्रातल्या माणसाला इमारतीवरून फेकलं तर मी जांभई देतो. पुसून परत काढतील.

आणि ॲनिमेशनमध्ये पळवाट नाही म्हणे! २००७ च्या 'सुपरमॅन: डूम्सडे'पासून थेट डिस्कसाठी काढलेल्या त्या पाऊण-सव्वा तासाच्या चित्रपटांची रांग लागली. त्यांतले कितीतरी प्रसंग आठवा. माणूस खांबासारखा उभा, फक्त ओठ हलतायत. गर्दी आहे, पण गोठलेली. ठोसा बसायच्या क्षणी पडदा पांढरा. ही पळवाट नाही तर काय आहे? कॅमेरा हलवायच्या ऐवजी हे पडदा पांढरा करतात, एवढंच.

गप्पिष्ट

पांढऱ्या पडद्याला +१. हसून लोळलो.

बारीक_नजर

डीव्हीडीच्या बाजूने एक मुद्दा द्यायला आलो होतो, आता दोन्हीकडचा होतोय.

'बॅटमॅन बियाँड: रिटर्न ऑफ द जोकर' (शेवट फुटणार आहे, बघितला नसेल तर पुढचा परिच्छेद सोडा).

२००० साली तो बाजारात आला तेव्हा कापलेला होता. जुन्या आठवणीतल्या प्रसंगात जोकर विजेच्या धक्क्याने मरतो. मूळ आवृत्तीत त्याने छळलेला मुलगा, बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, तोच त्याला मारतो. सगळ्या चित्रपटाचं ओझं त्या एका कृतीवर आहे. अपघात दाखवला की पुढे त्या मुलाचं जे झालं त्याला अर्थच उरत नाही. न कापलेली आवृत्ती डीव्हीडीवर आली २००२ मध्ये.

म्हणजे 'चकती हातात आहे, आता माझा चित्रपट कोणी बदलू शकत नाही' हे खरं आहे, पण चुकीची चकती हातात असेल तर चूकसुद्धा कोणी बदलू शकत नाही. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि कपाटात शेजारी-शेजारी आहेत. उलट ऑगस्ट २०२२ मध्ये एचबीओ मॅक्स या ऑनलाइन सेवेने 'इन्फिनिटी ट्रेन'सारख्या ॲनिमेशन मालिका एका फटक्यात काढून टाकल्या, तेव्हा चांगली-वाईट कुठलीच आवृत्ती तिथे राहिली नाही. निशाचर, तुमचे ठिपके सुंदर आहेत, पण ते दुसऱ्याच्या कपाटात आहेत.

निशाचर

ब्लू-रेसुद्धा चकतीच असते हो! मी कधी म्हटलं ऑनलाइन बघा?

चकतीबहाद्दर

रीळमास्तर, जॅकी चॅनसमोर हात जोडले. पण तो सुपरहिरो नाही, इथेच तर गोम आहे. त्याला जे करता येतं तेच तो करतो. उडणारा, भिंत फोडणारा माणूस नटाकडून करवून घ्यायचा म्हटलं की अर्धं काम संगणकाकडे जातं, आणि तिथे तुमची ती भाजायची भीती आपोआप संपते. मग दोन्हीकडे चित्रच, फक्त एकीकडे ते कबूल केलंय. 'द इनक्रेडिबल्स' (२००४) मधला वाऱ्यासारखा पळणारा पोरगा डॅश आठवा. मागे गुंड लागलेत, तो जीव खाऊन पळतोय, खाली बघतो तर पायाखाली पाणी! आणि त्याला हसू फुटतं. हा प्रसंग खऱ्या पोराला घेऊन करून दाखवा. त्या डीव्हीडीवर चित्रपट चालू असताना ॲनिमेटर मंडळी त्यावर बोलतात अशी वेगळी कॉमेंटरी आहे, जमलं तर ऐका. दिग्दर्शकाच्या कॉमेंटरीपेक्षा मला तीच आवडते.

गोठलेल्या गर्दीचं मान्य. त्या रांगेतले निम्मे चित्रपट मी दुसऱ्यांदा लावत नाही. पण 'अंडर द रेड हूड' (२०१०) त्यात धरू नका. मोडक्या इमारतीतल्या न्हाणीघरात बॅटमॅन आणि ज्याला त्याने पोरासारखं वाढवलं तो जेसन एकमेकांना फरशांवर आपटतात. जागा एवढीशी की केपसुद्धा नीट पसरत नाही. तिथे मला जांभई आली नाही.

रीळमास्तर

न्हाणीघर बघितलं. बरं आहे. पोटात गोळा नाही आला, पण मारामारीपेक्षा त्यांचं बोलणंच जास्त लागलं. ते ॲनिमेशनचं श्रेय की आवाजाच्या नटांचं, यावर वेगळं भांडू.

निशाचर

हट्टाने जुना प्लेयर बाहेर काढून तुमचं ते बटण दाबून बघितलं. दोन फ्रेम धरतात हे दिसलं, ठिगळंही दिसली. एक सांगा, ठोसा पुढे निघून गेला, आता एक फ्रेम मागे कसं यायचं?

चकतीबहाद्दर

नाही येता येत. बहुतेक प्लेयर एकेक फ्रेम फक्त पुढे नेतात. प्रकरण पुन्हा सुरुवातीपासून लावायचं आणि परत टकटक.